कोरडी फरशी

“फरशी ओली होती हो, पाय घसरला,” आई स्ट्रेचरवरून डॉक्टरांना सांगत होती. मी खाली मान घालून मशीन तिच्या डाव्या खुब्यावर आणलं. फरशी कोरडी ठणठणीत होती. मी तिथेच होतो ना!

बावीस वर्षं मी या दवाखान्यात एक्स-रे काढतोय. गल्लीत मला फोटोवाला म्हणतात. तीन आठवड्यांपूर्वी आई म्हणाली, चालताना जांघेत कळ येते, बसलं की थांबते. तिची हाडं ठिसूळ झालीत हे मला ठाऊक होतं. जेवणाच्या सुट्टीत आणून फोटो काढला, उजेडावर धरला. हाड अखंड! डॉक्टरांना दाखवायचा तर बाहेर ही रांग. आणि मी काय कमी शहाणा?

“काही झालेलं नाही. बसून बसून गंजलीस. रोज व्हरांड्यात दहा फेऱ्या मार.”

“पाय टेकवत नाही रे.”

“नखरे नकोत.” असं म्हणालो मी, आईला. जीभ कशी झडली नाही माझी!

तिने मुकाट्याने फेऱ्या मारल्या. शेजारणीला फोटो दाखवून वर म्हणायची, “पोराने स्वतः काढलाय. मला कसली धाड भरलीय!”

आज सकाळी मी चहा पीत बघत होतो. आठव्या फेरीला तिने पाऊल टेकलं, कट्‌ असा आवाज झाला आणि मग ती कोसळली. आधी हाड मोडलं, पडली नंतर.

“आजी, आधीपासून दुखत होतं का?” डॉक्टरांनी विचारलं. “तसं असेल तर हाडाला आधीच बारीक चीर होती. अशी चीर सुरुवातीला फोटोत दिसतेच असं नाही. मग दुसरा पायही बघावा लागेल.”

“छे हो! काल तर धावत होते.” आणि माझ्याकडे बघून डोळे वटारले. गप्प बस म्हणून.

बोललो तर नोकरीचं काय, हे मनात आलंच. खोटं कशाला सांगू?

“फरशी कोरडी होती,” मी म्हणालो. “तीन आठवडे दुखत होतं. फोटो मी काढला होता. तुम्हाला दाखवला नाही. चालायलाही मीच लावलं.”

डॉक्टरांनी ते केसपेपरवर लिहून घेतलं. आईने तोंड भिंतीकडे फिरवलं. तशीच हळूच म्हणाली, “उजवाही दुखतो रे. तू चिडशील म्हणून बोलले नाही.”

मी उजव्या खुब्याचा फोटो काढला. हाड अखंड दिसत होतं. मी तो डॉक्टरांच्या हातात दिला.