मुसळाखालचा हात

माही पोरगी अपेक्षा सुट्टीत मुकुटबनले आली, संग चिकट तांदूळ घेऊन. म्हणे, आई, चिनी लोकायच्या तांदळाच्या वड्या करू. भात गरमागरम कुटायचा, वळकट्या करायच्या, गार झाल्या का तिरप्या कापून पानकोबीसंग परतायच्या. म्हटलं, मिक्सर कायले आहे मंग? तिनं फिरवला. भात पात्याले असा चिकटला का मिक्सर बंदच पडला.

आता उखळ पाहिजे. अन् उखळ वाटणीत गेलं माह्या मोठ्या जावंकडं, विमलताईकडं. सासू वारली तवा तिची सोन्याची पोत सापडली नाही, अन् या बाईनं सोयऱ्यायदेखत माह्याकडं बोट दाखवलं. तवापासून एका भिंतीआड राहून आमचं बोलणं बंद. मले पोत नको होती. तिनं तो चोरीचा आळ मागं घ्यावा, एवढाच जीव अडकला होता माहा.

अपेक्षा गेली खरी, पण तिच्यानं मुसळ उचलेना. शेवटी मीच गेली, तोंड फुगवून.

मी मुसळ घालो अन् भात मुसळासंगच वर येऊन राह्यला. दोन घावायच्या मधात कोणीतरी ओल्या हातानं तो पलटवाले पाहिजे. अपेक्षा भ्याली. विमलताई ओसरीवरून पाहून राह्यली होती. ती उठली, हातातल्या सोन्याच्या पाटल्या काढल्या. पोरगी जवळच उभी होती, पण विमलताईनं त्या माह्यापुढं धरल्या.

"तुह्यापाशी ठेव."

मी पदराच्या गाठीत बांधल्या. तिनं हात ओला करून उखळात घातला, अन् मले मुसळच उचलवेना.

"कुट," ती म्हणे. "तुह्या हाताचं भेव नाही मले."

मंग कुटलं. पयले दोघी मिळून तिखट कुटत होतो, तो ताल हात विसरले नव्हते. माह्या डोळ्यातून पाणी चाललं होतं, पुसाले हात रिकामा नव्हता.

वड्या गार झाल्यावर अपेक्षानं विमलताईच्याच गॅसवर कढई ठेवली. लसूण, हिरवी मिरची, पानकोबी, सोया सॉस. खमंग वास सुटला. विमलताई म्हणे, भलतंच चिवट आहे हे. अन् दोनदा मागून खाल्लं.

घरी येऊन पदर झटकला तवा पाटल्या ध्यानात आल्या. तशीच पळत गेली परत. विमलताई उखळ धुऊन राह्यली होती. पाटल्या पुढं केल्या, तिनं मान वर केली नाही.

"राहू दे तुह्याकडं. उद्या येतो मी तुह्या घरी घ्याले."

मी तिथंच, तिच्या अंगणात, ढसाढसा रडली.