केळं नको, नाव ऐका

मित्रांनो, मागचे जरा पुढे सरका आणि गलका बंद करा. गलका करायचा मान इथं माझा. आज तुम्हाला हरवलेल्या पोरीची गोष्ट सांगतो. खोटी वाटली तर खुशाल उठून जा, मी काही धरून ठेवणार नाही. मला हातच नाहीत.

मी एक जुना भोंगा आहे. तोंड सुपाएवढं, बूड पेल्याएवढं. मुंबईतल्या एका गाळ्यात मला ठोकून ठोकून घडवलं, आणि वसईच्या फ्रेडरिकने मला आणून आपल्या रिक्षाच्या टपावर बांधलं. खाली बॅटरी, त्याच्या हातात माइक. सर्कस आली की मी ओरडायचो. नळाला पाणी येणार नसलं की मी ओरडायचो. पोरं मागे धावायची, म्हातारे कानात बोटं घालायचे. एक मास्तर तर रोज म्हणायचे, "फ्रेडरिक, ह्याच्या तोंडात एकदा नारळ कोंब रे!" मला वाईट नाही वाटायचं. ओरडणाऱ्याला शिव्या पडायच्याच.

सत्त्याण्णव सालचा मे महिना. कार्मिन आजी चार वर्षांच्या नातीला घेऊन वसईच्या बाजारात सुकी मासळी घ्यायला आली. तिकडच्या जुन्या बायका लाल लुगडं नेसायच्या, ठाऊक आहे ना? पोरीने आजीचा पदर सोडला, आणि पुन्हा धरला तो दुसऱ्याच बाईचा. रंग तोच, चाल तीच. आजीने मासळीचा भाव करून मागे बघितलं, तर पोर नाही!

पोरीचा बाप बर्नार्ड धावत पोलिसांकडे गेला. त्यांनी नोंद घेतली, बिनतारी संदेश दिला. एक हवालदार त्याला म्हणाले, "आम्ही मोजकी माणसं, गावं ढीगभर. लोकांचे कान जागे करा." म्हणून बर्नार्ड फ्रेडरिककडे आला. हातात शुद्ध मराठीत लिहिलेला कागद. फ्रेडरिकने माइक धरला आणि मी एस.टी. स्टँडवर सुरू झालो.

"कुमारी ज्युली बर्नार्ड लोपीस, वय वर्षे चार, वर्ण गव्हाळ, सदर बालिकेने पिवळा फ्रॉक परिधान केला आहे..."

शेंगा विकणारी हंसा टोपली टाकून उठली. "ए फ्रेडरिक, थांब! पिवळ्या फ्रॉकवाली? ती गोखिवऱ्याच्या गाडीत चढली की! लाल लुगड्याचा पदर धरून. मला वाटलं, आजीच असेल."

"मग आधी का नाय बोललीस?"

"आधी विचारलं कुणी मला?"

बघा, मी ओरडलो नसतो तर ती बातमी शेंगांच्या टोपलीतच राहिली असती.

कार्मिन आजी आणि बर्नार्ड रिक्षात बसले. रिक्षा गोखिवऱ्याला सुटली. नव्या बिल्डिंगा, छोटे कारखाने, दुपारचं ऊन. मी तोच कागद ओरडत गल्लीबोळ फिरलो. कुणी गॅलरीत आलं, कुणी मान हलवली. आमच्या रिक्षात आजीचा जप चालू होता आणि बर्नार्ड नखं खात होता. चार वाजायला आले. बॅटरी उतरत चालली होती, माझा आवाज घोगरा झाला होता.

आणि मित्रांनो, पोरगी होती कुठं? आमच्या डोक्यावर! दुसऱ्या मजल्यावर, आशालताबाईंच्या घरात. पदर आजीचा नाही हे कळल्यावर ती स्टॉपवर रडत होती, तिथं त्यांना सापडली. त्यांचे मिस्टर विलासराव पोलीस चौकीवर सांगायला गेले होते. फ्रॉक भिजला म्हणून बाईंनी आपल्या मुलीचा, ऋतिकाचा निळा झगा तिला घातला होता. माझ्या घोगऱ्या आवाजातलं त्यांना वर फक्त नाव कळलं, म्हणून त्यांनी विचारलंही, "बाळा, तू ज्युली का?" पोरीने मान हलवली. नाही.

"मग नाव काय तुझं?"

"सुकेळी."

"पुन्हा केळी! अगं, चार खाल्लीस ना आत्ता? पोट बिघडेल."

आम्ही पुढे निघालो होतो. फ्रेडरिकने शेवटचं म्हणून पुन्हा कागद उचलला, तेव्हा आजी कडाडली.

"फेक तो कागद! ज्युली ज्युली काय लावलंय? ते नाव बाप्तिस्म्याला घेतलं, तेव्हापासून कोन हाक मारतंय त्या नावाने? तिला स्वतःलाच ठाऊक नाय!"

"मग घरी काय म्हणता तिला?"

"सुकेळी! आपल्या वसईच्या सुकवलेल्या केळ्यासारखी बारकी आणि गोड, म्हणून."

फ्रेडरिकने कपाळावर हात मारला. त्याने रिक्षा जागच्या जागी वळवली आणि मला उरलासुरला जीव ओतायला सांगितलं.

"मंडळी, ऐका! कपडे बघू नका, कपडे बदलले असतील! पोरीला नाव विचारा. ती ज्युली नाही सांगणार, सुकेळी सांगेल! तिला केळं देऊ नका, ते नाव आहे तिचं!"

वरून भांडं पडल्याचा आवाज आला. मग आशालताबाईंची किंकाळी. "अगं बाई, ही केळी मागतच नव्हती!"

त्या पोरीला कडेवर घेऊन जिना उतरल्या. सगळी बिल्डिंग मागोमाग. तरी बाईंनी पोरगी लगेच सोडली नाही हं, शहाण्या त्या! म्हणाल्या, "आधी हिने ओळखू दे." ओळखू दे कसलं? तिने बाईंच्या कडेवरूनच आजीच्या गळ्यात उडी घेतली.

माइक चालूच राहिला होता. फ्रेडरिक ढसाढसा रडला, आणि ते रडणं माझ्या तोंडून अख्ख्या गोखिवऱ्याने ऐकलं.

चौकीवर विलासराव भेटले, नोंद झाली, आणि आम्ही वाजतगाजत परतलो. प्रत्येक नाक्यावर मी घोगऱ्या आवाजात ओरडत होतो, "सापडली! सुकेळी सापडली!" कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी पोरीच्या हातात गोळ्या कोंबल्या. नारळवाले मास्तर स्वतः रस्त्यावर आले आणि म्हणाले, "फ्रेडरिक, आवाज मोठा कर रे!"

त्या दिवसापासून फ्रेडरिक कुठलंही पोर हरवलं की आधी विचारायचा, "पोर स्वतःचं नाव काय सांगतं?" पुढच्या काही वर्षांत आम्ही अकरा पोरं शोधली. म्हणजे मी नुसता ओरडलो. शोधली लोकांनी, शेंगावाल्यांनी, रिक्षावाल्यांनी, गॅलरीतल्या बायकांनी.

आता मी माळ्यावर पडून असतो. कोंबडी माझ्यात अंडी घालते. घालू दे. पण माझं एक काम करा. घरी जा आणि तुमच्या घरातल्या सगळ्यात बारक्याला जवळ घ्या. त्याचं कागदावरचं नाव, आईबापाचं नाव आणि गावाचं नाव त्याच्याकडून घोकून घ्या. आणि कुठं पोर हरवल्याची हाक ऐकू आली, तर पाय उचलू नका. थांबा, पुरती ऐका, आणि शेजाऱ्याला सांगा.