वाळूच्या पोत्याच्या जागी मी

माझी नात मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. घरात तिला सगळे पाना म्हणतात. रांगायला लागली तेव्हापासून हातात पाना नाहीतर पक्कड असायचीच. तिने आणि तिच्या चष्मेवाल्या जोडीदाराने प्रोजेक्ट म्हणून जिना चढणारी खुर्ची बनवली. बॅटरीवरची मोटार, खाली दोन्हीकडे चाकांचे गुच्छ. माणसाची पाठ वरच्या पायऱ्यांकडे करायची आणि खुर्ची उलटी उलटी वर जाणार. तपासायला बाहेरच्या कॉलेजचे सर येणार होते. त्यांनी नापास केलं तर वर्ष वाया, आणि लागलेली नोकरीही हातची जाणार.

"बसवणार कोणाला?" मी विचारलं.

"वाळूचं पोतं. रोज तेच बसवतो."

"गुडघे माझे गेलेत, पोत्याचे नाही. मी बसणार."

"आजी, भांडू नकोस ना."

"भांडत नाही. सांगतेय."

कॉलेजच्या वर्कशॉपमागे जिना होता. तेलाचा वास, कोपऱ्यात लोखंडाचा कीस. सर आले, चहा नको म्हणाले. तिथेच माझ्या मनातून उतरले.

"या कोण?"

"वजन," मी म्हटलं.

चष्मेवाला फिसकन हसला. पानाच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही.

"हाताने आधार द्यायचा नाही," सर म्हणाले. "हात लागला की चाचणी संपली."

मी बसले. परक्या माणसासमोर मी जन्मात कधी पाठ टेकलेली नाही, सासऱ्यांसमोर नाही की डॉक्टरांसमोर नाही. खुर्चीच्या पुढच्या कडेवर, ताठ, हात मांडीवर. पाना वरच्या पायरीवर बटण घेऊन उभी, चष्मेवाला माझ्यासमोर खालच्या पायरीवर.

मोटार गुरगुरली. एक पायरी चढलो, मग दुसरी. मी सरांकडे अशी बघत होते, जणू खुर्ची मीच बनवलीय.

मधोमध आलो आणि खुर्ची हिसकली. मागची चाकं पायरीवरून सुटली. मी पुढे कलायला लागले. खालच्या सगळ्या पायऱ्या एकदम डोळ्यांसमोर आल्या. चष्मेवाल्याचे हात माझ्या गुडघ्यांजवळ येऊन थांबले.

पानाने मोटार थांबवली. "आजी, मागे सरक. पाठ टेक."

"मला काय झालंय? बसलेय की नीट."

"आजी, टेक!"

आमच्या घरात माझ्यावर कोणी आवाज चढवत नाही. तिचा बाप नाही, त्याचा बाप नव्हता. तोंडावर आलेलं उत्तर गिळलं आणि मागे सरकून टेकले. चाकं धपकन पायरीवर बसली. मोटार पुन्हा गुरगुरली आणि आम्ही वर पोहोचलो.

सर वर आले. "काय झालं होतं?"

"तोल गेला, सर. आम्ही पोत्यावर चाचण्या घेतल्या. पोतं पाठीला टेकून पडतं. आजी खुर्चीच्या कडेवर बसते हे मला लहानपणापासून माहीत आहे. हिशेबात धरलं नाही."

"त्यांनी ऐकलं नसतं तर?"

"पडली असती."

मी तिला चिमटा काढला. परक्यासमोर आपल्याच हाताच्या कामाला कोणी नावं ठेवतं का?

"ठीक आहे. आता खाली आणा," सर म्हणाले.

पानाने वाकून बॅटरीची वायर काढली. "नाही, सर. कमरेला पट्टा बसवून पुढची चाकं आणखी पुढे घेतल्याशिवाय मी हिला यात बसवणार नाही."

"उतरणंही चाचणीत आहे. विचार करा."

"अगं, बसते मी!" मी कळवळले. "टेकून बसते! झोपते हवं तर!"

"आजी, ऊठ."

उठले. तिच्या खांद्याचा आधार घेत एकेक पायरी उतरले. गुडघे कटकटत होते, पण खरी आग डोक्यात होती. सर पुढे उतरून कागदावर लिहीत होते.

"नापास ना?" मी विचारलं.

"पास आहे. मार्क कापलेत."

"खरं बोलली म्हणून?"

"पट्टा नव्हता म्हणून, आणि उतरणं झालं नाही म्हणून."

"आणि खरं बोलली त्याचे?"

"त्याचे मार्क नसतात, आजी."

"मग रकाना वाढवा की! कागद तुमचा, पेन तुमचं."

"आजी, चल," पानाने माझा दंड धरला. तिचा हात बर्फासारखा गार पडला होता. सर मात्र अजून कागदाकडेच बघत होते.