उजव्या वळणावरचा केशरी दिवा

मी एक जुनी शाळेची बस आहे. मित्रांनो, जुनी म्हणा, पण खटारा म्हणू नका. तो शब्द मी एकदा ऐकला आहे आणि अजून विसरलेले नाही. मेलबर्नच्या पॉइंट कुकमध्ये चौदा वर्षं मी मुलांना शाळेत पोचवते आहे. माझं डिझेल इंजिन मागच्या बाजूला आहे, आवाज खणखणीत आहे, आणि माझ्या सीटवर बसून किती जणांचे दुधाचे दात पडले याची गणती नाही.

माझा ड्रायव्हर मोहन. नाशिकहून शिकायला आला आणि इथलाच झाला. रोज सकाळी मला सुरू करण्याआधी तो स्टिअरिंगला हात लावून नमस्कार करतो. असा माणूस मिळायला नशीब लागतं.

गेल्या ऑक्टोबरात माझ्या डॅशबोर्डवर इंजिनचा केशरी दिवा लागू लागला. तो लागला की अंगातलं बळच जायचं आणि मी सायकलच्या वेगाने रांगायची. थोड्या वेळाने सगळं ठीक! वर्कशॉपमध्ये नेलं की दिवा गप्प. मेकॅनिकने डिझेलचा दाब मोजणारा सेन्सर दोनदा बदलला. चोर सोडून संन्याशाला फाशी! सेन्सर बिचारे धडधाकट होते. शेवटी कागदावर लिहून आलं, 'दोष आढळला नाही.' खरोखर दुखत असताना कुणी 'नाटक करतेस' म्हटलं तर कसं वाटतं, ते तुम्हाला माहीत असेलच.

फेब्रुवारीत मात्र कहर झाला. फ्रीवेवर चढताना माझा जीव गेला. आत एकतीस मुलं, आणि मागून हॉर्न वाजवत येणारा भला मोठा ट्रक. ट्रक कसाबसा थांबला. डेपोचा साहेब ग्लेन त्या दिवशी ओरडला नाही, शांतपणे बोलला. "सॉरी मेट. शुक्रवारपर्यंत कारण सापडलं नाही, तर ही भंगारात." त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण मी घाबरले, फार घाबरले.

गुरुवारी देवयानी आली. डेपोत नव्यानेच लागलेली ही ऑटो इलेक्ट्रिशियन मूळची पुण्याची. तिने लॅपटॉप जोडला, पण त्याच्याकडे न बघता मोहनकडे बघितलं.

"दिवा लागतो तेव्हा तू नेमकं काय करत असतोस?"

"ड्राइव्ह करत असतो, अजून काय! कधी मॉर्निंगला, कधी आर्व्होला. काही पॅटर्नच नाहीये गं." आर्व्हो म्हणजे इथली दुपार.

"वेळ सोड. कुठे कुठे लागला ते सांग."

मोहन बोटं मोजू लागला. "तळ्याजवळच्या राउंडअबाउटला. मग दुकानांच्या सिग्नलला. फ्रीवेच्या रॅम्पला..." आणि तो थांबला. "अगं, सगळीकडे मी राइटला वळतो!"

चार महिन्यांत हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता.

मग रिकाम्या मला घेऊन दोघं त्या राउंडअबाउटवर गेले आणि गोल गोल फिरू लागले. लोक हॉर्न देत होते. सातव्या फेरीला लॅपटॉपवरचा दाबाचा आकडा धाडकन शून्यावर आला आणि केशरी दिवा लागला. "लागला, लागला!" देवयानी आनंदाने ओरडली. माझ्या आजारपणावर इतकं खूश आजवर कुणी झालं नव्हतं.

डेपोत परतल्यावर इंजिन चालू ठेवून ती एकेक वायर हलवू लागली. एका जुडग्याला हात लागताच आकडा पुन्हा पडला. तिथे एक बारीक लोखंडी तार गुंडाळलेली होती, आणि तारेत वाळका देठ.

"मोहन, हा झेंडू आहे का?"

मोहनचा चेहरा पडला. "दसऱ्याचा हार. ग्लेन काचेवर काही लावू देत नाही, म्हणून गुपचूप आत इंजिनापाशी बांधला होता. फुलं काढली, तार तशीच राहिली."

उजवीकडे वळताना इंजिन जरासं झुके, तार वायरीच्या सोललेल्या अंगाला टेके, आणि सेन्सरचा निरोप वाटेतच हरवे. एवढंच माझं दुखणं!

"मी नुसतं 'वायर घासली' असं लिहू शकते," देवयानी हळूच म्हणाली.

हात दाखवून अवलक्षण कशाला, असं माझ्याही मनात आलं. पण मोहन म्हणाला, "नको. माझ्या चुकीपायी ही भंगारात गेली असती. आणि मुलं आत होती गं." देठ हातात घेऊन तो थेट ग्लेनकडे गेला.

"फ्लॉवर्स?" ग्लेनने देठ उलटासुलटा करून पाहिला. मोहनला लेखी ताकीद मिळाली, ती योग्यच होती. मग ग्लेन म्हणाला, "पुढच्या वर्षी आधी मला विचार. बंपरला बांधू."

शुक्रवारी एकतीस मुलं चढली. वायर नवी, तार गेलेली. राउंडअबाउट आला. पुढच्या सीटवरच्या मुलांनी माना लांब करून डॅशबोर्डकडे डोळे लावले. मोहन उजवीकडे वळला. दिवा लागला नाही! "शी डिड इट!" असा गलका झाला. मग रॅम्प आला, आणि मी असा जोर लावला की मागचा ट्रक मागेच राहिला. भंगारवाल्याने वाट बघावी, मी कामावर होते.

मित्रांनो, माझ्यावर प्रेम करा, हार घाला, मला आवडतं. पण तो सुती दोऱ्याने बांधा आणि आठवणीने सोडवा. आणि कधीतरी, अधूनमधून दुखतं असं कुणी म्हणालं, तर त्याला खोटं ठरवू नका. जवळ बसा आणि विचारा, "कुठल्या वळणावर?"