माझ्या नावाची तबकडी

नऊ वर्षं मी रेवणसिद्ध मास्तरांच्या बँडमध्ये गायले. हातगाडीवर कर्णा, माझ्या हातात माईक आणि मागे वाजवणारी मंडळी. माझा आवाज ओळखत नाही असा माणूस सोलापुरात शोधून दाखवावा! नाव मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. लोक म्हणायचे, रेवणसिद्ध बँडची बाई.

म्हणून शहात्तर साली पुण्याच्या एका कंपनीने माझी एकटीची तबकडी काढायचं ठरवलं, तेव्हा मला नवल वाटलं नाही. उशीर झाला, एवढंच वाटलं. दहा नवी गाणी, ठेका धरायला लावणारी, आणि वर फक्त माझं नाव. वाजवायला मी आपलीच माणसं मागितली. मास्तरही क्लॅरिनेट घेऊन मुकाट आले.

एका शाळेच्या सभागृहात, खिडक्यांना चादरी ठोकून, पहिलं गाणं सुरू झालं. पहिलं कडवं झालं, मधलं संगीत वाजलं आणि वरातीतल्या सवयीने माझ्या तोंडून गेलं, “रेवणसिद्ध बँड, सोलापूर!”

कंपनीच्या साहेबांनी टेप थांबवली. दुसऱ्या खेपेलाही तेच. तिसऱ्यांदा मी दात आवळून गप्प राहिले, तर आमचे ढोलवाले मधला तुकडाच वाजवत बसले. त्यांची तरी काय चूक? वरात कधी अडेल, कधी हलेल याचा नेम नसतो. माझी आरोळी आली की ते पुढचं कडवं उचलतात.

साहेब वैतागले. “बाई, बँडचं नाव चालणार नाही. आता शेवटची खेप. नाही जमलं, तर आम्ही सामान आवरतो.”

माझं धाबं दणाणलं. त्यात मास्तरांकडे बघायची सोय नव्हती. त्यांचंच नाव गाळायचं आणि त्यांच्याकडूनच वाजवून घ्यायचं, हे मला आतून खात होतं.

मास्तरच उठून जवळ आले. “वच्छला, पोरांना आरोळी लागती. कुनाच्या नावाची, ह्येचं त्यास्नी काय न्हाय. तुजंच नाव घे की.”

“सवताचं नाव कुनी पुकारतंय व्हय, मास्तर?”

“मी नऊ वर्सं माजंच पुकारून घेतलं तुज्याकडनं. मला कुटं लाज वाटली?”

चौथ्यांदा मधलं संगीत आलं. हजारांच्या वरातीत न डगमगणारी मी, इथे मात्र माईक दोन्ही हातांनी धरला. डोळे मिटले आणि ओरडले, “वच्छला, सोलापूर!”

ढोल धाडकन पुढच्या कडव्यावर आले. साहेबांनी टेप थांबवली नाही. दहाही गाण्यांत मी माझंच नाव पुकारलं आणि दर वेळी मला जास्तच आवडत गेलं.

सगळं आटपल्यावर मास्तर क्लॅरिनेट पुसत बसले होते. “उद्या होटगीची वरात हाय,” ते म्हणाले. “तितं कुनाचं पुकारनार?”

“दोनी नावं, मास्तर,” मी म्हटलं. “पन आदी माजं.”