आठ मिनिटांची घंटा

मी घंटा बोलतेय. शाळा सुटल्याची लाडकी घंटा नव्हे. शिकाऊ डॉक्टरांच्या परीक्षेत टेबलावर ठेवतात ना, ती तळहाताखाली मावणारी पितळी घंटा.

कारखान्यातून निघाले तेव्हा वाटलं होतं, एखाद्या हॉटेलात बसू, येणाऱ्याजाणाऱ्याचं स्वागत करू. वाट्याला आलं इस्पितळ. प्रत्येक उमेदवाराला आठ मिनिटं. पेशंट तपासायचा, निदान सांगायचं. मी वाजले की पुढचा. मला वाजवणारे परीक्षक म्हणजे घड्याळसर. माणूस सरळ, पण मिनिटाला पक्का. इतकी वर्षं त्यांच्यासमोर बसले, पण माझा आवाज ऐकून कुणाचा चेहरा खुललेला पाहिला नाही.

एकदा पेशंट म्हणून एक म्हातारे शिंपीकाका आले. पायांवर सूज, चार पावलांत धाप. पाच उमेदवारांनी पाय दाबले, छाती तपासली, हृदय थकलंय हे बरोबर ओळखलं आणि सूज उतरवणाऱ्या गोळ्यांचा डोस वाढवायला सांगितला. काका मान डोलवत राहिले.

सहावी मुलगी जरा भित्री. सूज बघता बघता तिने विचारलं, "काका, गोळ्या रोज घेता ना?"

आधीच्यांनीही विचारलं होतं. काका "हो" म्हणाले की ते पुढे सरकत. या वेळी काका गप्प बसले आणि तीही थांबली.

"खरं सांगू? नाही घेत. गोळी घेतली की सारखं लघवीला उठावं लागतं. आमच्या हिला दिसत नाही. मी जागचा हललो की घाबरून हाका मारते. आता तर ती..."

आणि मी वाजले. काकांनी तोंड मिटलं.

मुलीकडून काकांची छाती तपासायची राहिली होती. घड्याळसरांनी तिथे शून्य दिलं. शेजारच्या परीक्षक बाई म्हणाल्या, "अहो, गोळी पोटात जातच नाही, तर डोस वाढवून काय होणार? हे हिलाच कळलं."

"कळलं, मान्य. पण बाई, त्याला कागदावर रकाना कुठाय?"

बाईंनी काकांनाच विचारलं, "यातल्या कुणाकडे परत जाल?"

"त्या पोरीकडे. पास झाली ना?"

नाही झाली. दोन गुणांनी राहिली.

त्यावरून बाई वर्षभर भांडल्या. शेवटी पेशंटच्या मताला रकाना मिळाला, गुणही मिळाले. तो रकाना घड्याळसरांनी स्वतः पट्टी घेऊन आखला. वेळ मात्र मोबाइलवर लावू लागले आणि माझी रवानगी खणात झाली. ती मुलगी पुन्हा बसली आणि पास झाली, हे मला लाकडाआडूनच कळलं. या खेपेला छाती तपासणं राहिलं नाही. ऐकणंही राहिलं नाही.

काकांचं पुढे काय झालं, कोण सांगणार? इथे सोबतीला सुकलेली पेनं आणि गंजक्या टाचण्या. दिवसचे दिवस कुणी हात लावत नाही.

परवा कुणीतरी टाचणी शोधायला खण उघडला. बोट लागलं आणि मी किणकिणले. बाहेर एक पेशंट बाई आपलं दुखणं सांगत होती, ती दचकून थांबली.

बोला हो, बाई. चुकून वाजले मी.