सेमेसाकाकांचे हात

"हात लावू नका, काका!" मी चुलीपाशी बसून पुटपुटले. मोठ्याने बोलायची सोय नव्हती. चटईवर पुरुष बसलेत, मध्ये मानाची म्हणून यंगोनाच्या, कुटून पाण्यात कालवून प्यायच्या मुळांची जुडी ठेवली आहे, अशा वेळी आमच्यात बायका तोंड उघडत नाहीत.

जुडी आणली होती इनोकेने, लितियाच्या सावत्र बापाने. सोबत त्याचे दोन भाऊ, अंगात इस्त्रीचे सदरे. लितिया माझ्या मागे लपली होती, माझा झगा मुठीत घट्ट धरून.

सुवा शहराच्या बाजारामागे चर्चची ही शेड. रस्त्यावरच्या पोरांना आम्ही इथे जेवू घालतो, न्हाऊ घालतो, जमलं तर शाळेत अडकवतो. लितिया बसस्टँडच्या बाकाखाली सापडली तेव्हा तिच्या दंडावर चटक्याचे डाग होते. आता कुठे ती हसायला लागली होती.

सेमेसाकाकांनी जन्मभर बस चालवली, बायको गेल्यावर इथेच रमले. भांडायला आलेल्यालाही आधी चहा विचारणारा माणूस. मला त्याचाच राग यायचा.

"आमचं चुकलं," इनोके मान खाली घालून म्हणाला. "दारूच्या नशेत हात उठला. माफ करा, काका. आमची पोर आम्हाला द्या."

त्याने जुडी पुढे सरकवली. अशी जुडी घेतली की माफी दिली, आणि मागितलेलंही दिलं. मग शब्द फिरवता येत नाही. काकांना हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. पण पुढ्यात ठेवलेली जुडी तशीच पडू देणं त्यांना कधी जमलंच नव्हतं.

त्यांचे हात पुढे गेले. जुडी घेतली, मांडीवर ठेवली. इनोकेने रिवाजाप्रमाणे ओंजळीच्या पोकळ टाळ्या वाजवल्या. संपलं.

"आजोबा, मला बघायला याल ना?" लितियाने जाताना काकांना विचारलं. ती रडलीसुद्धा नाही.

"रविवारी येतो हं, बाळा."

ते गेल्यावर मी कडाडले, "काय करून बसलात हे?"

"हात आपोआप गेले गं, वासेमाथा."

"मग जा, परत मागा तिला!"

"कुठल्या तोंडाने मागू? जुडी घेतली ना मी."

मी सरकारी बालकल्याणवाल्या बाईंकडे धावले. "तुम्हीच मिटवलंत," त्या म्हणाल्या, "आता मी काय करू?"

रविवारी आम्ही पाव आणि केळी घेऊन गेलो, तर घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, बोटीने गेले. कुठल्या बेटावर, तिला माहीत नव्हतं. आणि बेटं काय कमी आहेत आमच्याकडे? काकांनी बरेच दिवस धक्क्यावर चौकशी केली. मग तीही सोडली.

ती जुडी मी रागाने चुलीत घातली. ओलसर होती, नुसती धुमसत राहिली.

काका अजून रोज येतात. पोरांना वाढतात, शेंबूड पुसतात. पण कुणी अनोळखी माणूस शेडमध्ये येऊन चटईवर बसला, की काका आपले दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरतात, आणि तो उठून जाईपर्यंत बाहेर काढत नाहीत.